एदो शहराचे जुने नकाशे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत कांहीं जुन्या जपानी नकाशांच्या छापील प्रतिकृति माझ्या हातीं आल्या. आज ज्यास आपण टोकियो म्हणतों त्या शहराचें १८६८ पर्यंतचें नांव एदो. आणि हे नकाशे त्या एदो शहराच्या निरनिराळ्या भागांचे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छापलेले होते. त्यांतला एक जमिनीवर पसरून मी आणि माझी मुलगी पाहत बसलों. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “बाबा, ह्यांत उत्तर कोठें आहे?” प्रश्न साधा होता, पण मला चटकन सांगतां येईना. घराघरांवर लिहिलेलीं नांवें कांहीं उभीं होतीं, कांहीं आडवीं, आणि कांहीं तर चक्क डोक्यावर उभीं! शेवटीं एका कोपऱ्यांत दिशेची खूण सांपडली. परंतु ती खूण पाहूनहि नांवांचा गोंधळ उलगडला नाहीं. वर उत्तर आणि खालीं दक्षिण हा नियम आपण इतक्या लहानपणीं शिकतों कीं तो कोणी तरी ठरविलेला नियम आहे, हेंच पुढें विसरून जातों.

प्रतिकृतींबरोबर आलेलें टिपण वाचल्यावर उलगडा झाला. त्या नकाशांचा संकेत असा कीं, वाड्याच्या ज्या बाजूस मुख्य दरवाजा असेल त्या बाजूस त्यावरील नांवाचा माथा करावयाचा. म्हणजे हा कागद भिंतीवर टांगून पाहण्यासाठीं नव्हेच. तो हातांत धरून, वळणावळणावर फिरवून, चालतां चालतां वाचावयाचा. आपला नकाशा जमीन दाखवितो. हा नकाशा दरवाजे दाखवीत होता. ह्या दरवाजांच्या नकाशांत कोणास नांव मिळालें, कोणास मिळालें नाहीं, आणि कोणास नको असलेलें नांव चिकटविलें गेलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. शहराची रचना त्यामुळें कळतेच. पण एका समाजाची रचनाहि कळते.

प्रथम शहराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. इ. स. १४५७ मध्यें ओता दोकान ह्या सरदारानें एदोच्या खाडीजवळ एक गढी बांधली. १५९० सालीं तोकुगावा इएयासु तेथें येऊन राहिला, आणि १६०३ मध्यें तो शोगुन झाला. बादशहा क्योतो येथें आपल्या गादीवर होता, पण राज्यकारभार एदोहून चाले. साताऱ्याचे छत्रपति आणि पुण्याचे पेशवे ह्यांचा इतिहास घरोघर ठाऊक असलेल्या मराठी वाचकास ही व्यवस्था फार समजावून सांगण्याची गरज नाहीं. शोगुनाच्या हाताखालीं सुमारें अडीचशें ते पावणेतीनशें मोठे सरदार असत. त्यांस दाइम्यो म्हणत. ह्या सरदारांनीं डोकें वर काढूं नये म्हणून १६३५ सालीं असा कायदा करण्यांत आला कीं, त्यांनीं ठराविक पाळीनें एदोंत येऊन राहावें. बहुतेकांच्या बाबतींत ही पाळी एका वर्षाआड येई. ते आपल्या मुलखांत परत गेले तरी त्यांचीं बायकामुलें एदोंतच राहत. त्यांस पाहुणे म्हणावें कीं ओलीस म्हणावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

ह्या कायद्यानें एदो शहर घडविलें. प्रत्येक सरदारास राजधानींत वाडा हवा. आणि एकच पुरेना. किल्ल्याजवळ मुख्य वाडा, त्याहून लांब मधला वाडा, आणि शहराच्या कडेस किंवा पाण्याकांठीं बागबगीचा व कोठारें असलेला खालचा वाडा, अशी साधारण रीत होती. शिवाय शोगुनाचे स्वतःचे हजारों शिलेदार आपापल्या घरांत राहत. अठराव्या शतकांत ह्या शहराची वस्ती दहा लाखांच्या घरांत गेली असावी, असें इतिहासकार मानतात. ज्या शहरांत दर वर्षीं सरदारांचे तांडे यावे आणि जावे, ज्यांतील निम्मी वस्ती परमुलखांतून आलेली असावी, त्या शहरांत नकाशाची गरज कोणास लागली नसती तरच नवल!

परंतु शहराची काटेकोर मोजणी झाली ती आगीमुळें. १६५७ सालच्या आरंभीं लागलेल्या आगीनें दोन दिवसांत एदोचा मोठा भाग जळून गेला. मेलेल्यांचा परंपरागत आंकडा एक लाखाच्या आसपास सांगतात. किल्ल्यावरचा उंच मनोरा त्या आगींत पडला, तो पुन्हा कधींच बांधला गेला नाहीं. शहर नव्यानें वसवावयाचें तर आधीं मोजलें पाहिजे, म्हणून डच पद्धतीची मोजणी जाणणाऱ्या होजो उजिनागा ह्या अधिकाऱ्याकडे तें काम सोंपविण्यांत आलें. त्या मोजणीच्या आधारें ओचिकोचि दोइन ह्यानें १६७० पासून १६७३ पर्यंत पांच मोठे नकाशे छापून प्रसिद्ध केले. त्यांत जमिनीवरील पांच केन, म्हणजे सुमारें नऊ-दहा मीटर अंतरास कागदावर एक बु, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जागा दिलेली आहे. सरकारी मोजणीवरून तयार केलेला असा मोठ्या प्रमाणाचा नकाशा बाजारांत विकत मिळूं लागला, ही त्या काळच्या मानानें लहान गोष्ट नव्हे.

असे अखंड नकाशे सुंदर असले तरी रस्त्यांत उघडून पाहण्यास अडचणीचे. त्यासाठीं शहराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा निराळा कागद छापण्याची कल्पना १७५५ सालीं निघाली, आणि तिला खरा बहर आला तो १८४६ नंतर. ह्या बहराची हकीकत मोठी गंमतीची आहे. किल्ल्याच्या पश्चिमेस बांचो नांवाची शिलेदारांची वस्ती होती. तेथें गल्ल्या एकसारख्या, भिंती एकसारख्या, आणि दरवाजावर नांवाची पाटी लावण्याची चाल नव्हती. बांचोंत राहणाऱ्यासहि बांचो ठाऊक नसतो, अशा अर्थाची म्हणच एदोंत रूढ होती. जवळच कोजिमाचि पेठेंत ओमिया नांवाचें एक किरकोळ जिनसांचें दुकान होतें. अमक्याचें घर कोठें, तमक्याचा वाडा कोणता, असें विचारणारे वाटसरू दिवसभर तेथें येत. आणि सांगून सांगून कंटाळलेल्या दुकानदारानें शेवटीं नकाशाच छापून विकावयास ठेविला, असें सांगतात. त्याचा खप पाहून त्याच पेठेंतला ओवारिया सेइशिचि हा चित्रांचा व पुस्तकांचा विक्रेता १८४९ पासून ह्या धंद्यांत उतरला. त्यानें तीसएक कागदांत सारें शहर बसविलें आणि तें रंगांत छापलें. माझ्यापुढें होत्या त्या ह्याच ओवारियाच्या नकाशांच्या प्रतिकृति.

ओवारियाचे रंग एकदां ध्यानांत आले म्हणजे लिपि न जाणणाराहि नकाशा वाचूं लागतो. रस्ते व पूल पिवळे; नद्या, खंदक व समुद्र निळे; झाडी, बांध व शेतें हिरवीं; देवळें व मठ तांबडे; सामान्य नागरिकांच्या पेठा करड्या; आणि सरदार-शिलेदारांचीं घरें पांढरीं, म्हणजे कोरा कागद व त्यावर काळ्या अक्षरांत नांव. सरदाराच्या मुख्य वाड्यावर त्याच्या घराण्याचें चिन्ह, मधल्या वाड्यावर काळा चौकोन, खालच्या वाड्यावर काळा ठिपका. ह्या चिन्हांची गरजहि होती. मात्सुदाइरा हें शोगुनाच्या मूळ घराण्याचें आडनांव अनेक बड्या सरदारांस बहुमानार्थ दिलेलें असल्यामुळें नुसत्या नांवावरून पुष्कळदां कांहींच बोध होत नसे. सरदार बदलत, घरें बदलत, म्हणून नकाशाहि वरचेवर सुधारावा लागे. त्यासाठीं सबंध लांकडी ठसा नवा करीत नसत. जुन्या नांवाचा तुकडा कोरून काढून तेथें नव्या नांवाचा तुकडा बसवीत. एखादा सरदार मर्जींतून उतरला तर त्याचें नांव असें पाचरीएवढ्या लांकडाबरोबर निघून जाई.

आतां ह्या नकाशांत काय दाखविलेलें नाहीं तें पाहूं. शहराच्या मध्यभागीं किल्ला आहे. खंदकाच्या निळ्या रेघा त्याच्याभोंवतीं गुंडाळत जातात, दरवाजे दाखविलेले आहेत. पण आंत कांहीं नाहीं. कोऱ्या जागेवर तोकुगावा घराण्याचें तीन पानांचें चिन्ह छापलें आहे, एवढेंच. दहा लाखांच्या शहरांतील सर्वांत मोठी इमारत नकाशावर नाहीं! जिचा ठाव लागूं द्यावयाचा नाहीं, जिच्याकडे कोणी वाट विचारीत जाणार नाहीं, तिचें चित्र कशास हवें, असा हा विचार दिसतो. अति थोरपणाचें चिन्ह म्हणून ती जागा कोरी आहे.

दुसरा कोरेपणा करड्या रंगाचा. पेठांचीं नांवें नकाशावर आहेत, पण पेठेंत राहणाऱ्या माणसांचीं नाहींत. शोगुनाच्या सरकारनें १७२१ सालीं नागरिकांची शिरगणति केली, तेव्हां ती पांच लाखांच्या थोडी वर भरली. हे पांच लाख लोक शहराच्या सुमारें सहाव्या हिश्शाच्या जमिनींत कोंबलेले होते. तितकीच जमीन देवळांकडे, आणि उरलेले दोन तृतीयांश सरदार-शिलेदारांकडे होतें. पेठेच्या दर्शनी बाजूस दुकानें, आणि मागें चाळी. चाळींतील गरिबाच्या बिऱ्हाडाचें प्रसिद्ध माप म्हणजे नऊ शाकु रुंद आणि दोन केन खोल, म्हणजे आपल्या मापानें सुमारें नऊ फूट बाय बारा फूट. सुतार, गवंडी, मासळी विकणारे, भारे वाहणारे, सारे अशाच खोल्यांत संसार करीत. एक मौज मात्र येथें लक्षांत ठेवावी. नकाशावर ज्यांचीं नांवें आहेत त्या सरदार-शिलेदारांची शिरगणति कधीं झाली नाहीं; आणि ज्यांची शिरगणति झाली त्यांचीं नांवें नकाशावर नाहींत. एकास नांव मिळालें, दुसऱ्यास आंकडा!

ही मोकळीक किती मर्यादित होती तें एका शोकांतिकेवरून कळतें. इनो तादाताका हा एक दारू गाळण्याचा धंदा करणारा श्रीमंत गृहस्थ. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास घरचा कारभार मुलाकडे सोंपवून तो एदोंत आला आणि स्वतःहून एकोणीस वर्षांनीं लहान असलेल्या ताकाहाशि योशितोकि ह्या गुरूपाशीं ज्योतिष शिकूं लागला. १८०० पासून १८१६ पर्यंत त्यानें जपानचा सारा किनारा पायीं मोजला. एदो शहराच्या रस्त्यांची मोजणी हें त्याचें अखेरचें काम. तो १८१८ मध्यें वारला, आणि त्याचा नकाशा १८२१ सालीं पुरा होऊन सरकारजमा झाला. गुरुपुत्र ताकाहाशि कागेयासु हा तेव्हां सरकारी ज्योतिषी होता. १८२६ सालीं डचांच्या वखारीचा जर्मन वैद्य सिबोल्ट एदोंत आला. त्याच्याजवळ रशियन दर्यावर्दी क्रूझेनस्टर्न ह्याचा प्रवासग्रंथ होता. ज्ञानाच्या ओढीनें ताकाहाशीनें तो ग्रंथ घेतला आणि मोबदल्यांत इनोच्या नकाशाची नक्कल दिली. १८२८ मध्यें ही गोष्ट उघडकीस आली. सिबोल्टास देशाबाहेर घालविण्यांत आलें. ताकाहाशि १८२९ मध्यें तुरुंगांत मेला. शिक्षा ठरेपर्यंत त्याचें प्रेत मिठांत घालून ठेविलें, आणि मग त्या प्रेतास शिरच्छेदाची शिक्षा फर्माविली! कोजिमाचीच्या दुकानांत पुढें जो नकाशा कोणीहि विकत घ्यावा, आणि ज्या नकाशापायीं विद्वानानें प्राण गमवावा, ह्यांत फरक कशाचा? अचूकपणाचा तर होताच. पण मुख्य फरक हा कीं, दुकानांतला नकाशा परक्याच्या उपयोगाचा नाहीं असें राज्यकर्त्यांस वाटत होतें. देशाच्या किनाऱ्याची भीति होती, शहराच्या दरवाजांची नव्हती.

ती भीति वाटावयास हवी होती असें १८६० सालीं दिसून आलें. प्रमुख मंत्री इइ नाओसुके ह्याचा मुख्य वाडा किल्ल्याच्या साकुरादा दरवाजापासून दोन-तीन फर्लांगांवर होता. ओवारियाच्या नकाशावर हें अंतर दोन बोटांत मावतें. परदेशीयांशीं तह केल्यामुळें आणि विरोधकांस कठोर शिक्षा केल्यामुळें त्याच्यावर पुष्कळांचा रोष होता. २४ मार्च रोजीं सकाळीं हिमवर्षाव होत असतां तो पालखींतून किल्ल्याकडे निघाला. दरवाजाबाहेर अठरा मारेकरी थांबले होते. सरदारांचीं घराणीं, चिन्हें व उत्पन्नें ह्यांची छापील यादी एदोंत विकत मिळे. ती हातांत घेऊन, गांवाकडून स्वारी पाहावयास आलेल्या बघ्यांसारखे ते उभे होते, असें सांगतात. कोणास संशय कसा यावा? अशा याद्या आणि असे नकाशे घेऊन उभे राहिलेले लोक त्या रस्त्यावर रोजच दिसत. त्या दिवशीं इइचें शिर त्याच्या दरवाजापासून हांकेच्या अंतरावर पडलें.

त्यानंतर सारेंच भराभर ढांसळलें. १८६२ मध्यें सरदारांच्या हजेरीचा कायदा सैल झाला, आणि दोनशें वर्षें अडकून पडलेलीं कुटुंबें आपापल्या मुलखांत निघून गेलीं. १८६८ सालीं किल्ला बादशहाच्या पक्षाच्या स्वाधीन झाला व शहराचें नांवहि बदललें. लोकसंख्या निम्म्यावर आली. ओस पडलेल्या वाड्यांच्या जागीं तुती आणि चहा लावा, असें नव्या सरकारनें १८६९ मध्यें सांगून पाहिलें. पुढें त्याच मोठमोठ्या पांढऱ्या चौकोनांत नवें राज्य उभें राहिलें. कागाच्या मायेदा घराण्याच्या वाड्यांत विद्यापीठ आलें, आणि १८२७ सालीं शोगुनाच्या मुलीच्या विवाहानिमित्त बांधलेला तेथला तांबडा दरवाजा आजहि उभा आहे. नाइतो घराण्याच्या वाड्याचें शिंजुकुचें उद्यान झालें. बादशहा शोगुनाच्या किल्ल्यांत राहावयास आला, आणि मधली कोरी जागा कोरीच राहिली. १९२३ चा भूकंप आणि १९४५ मधील बाँबवर्षाव ह्यांत तें लांकडी शहर दोनदां जळालें. आज टोकियोंत जुना नकाशा घेऊन हिंडणारा हौशी मनुष्य रस्त्यांचे बांक, टेकड्यांचे चढ आणि खंदकांच्या रेघा ओळखूं शकतो. वाडे मात्र गेले आणि त्यांवरचीं नांवेंहि गेलीं.

एक नांव मात्र गेलें नाहीं. आणि ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो मुद्दा हाच. शहराच्या ईशान्येस, आसाकुसाच्या पलीकडे, मेलेल्या जनावरांचें कातडें कमावणाऱ्या व तुरुंगाचीं हलकीं कामें करणाऱ्या लोकांची वस्ती होती. दांझाएमोन ही पदवी धारण करणारा त्यांचा पुढारी तेथेंच राहत असे. ओवारियाच्या नकाशावर ही वस्ती दाखविलेली आहे, आणि तिच्यावर जें लिहिलें आहे तें तिचें नांव नव्हे, तर ‘अति मलिनांचें गांव’ अशा अर्थाची शिवी आहे. गांवकुसाबाहेरची वस्ती ज्यांच्या देशांत शतकानुशतकें होती, त्या वाचकांस ह्याहून अधिक सांगणें नको. पांच लाख नागरिकांस नकाशानें नांव दिलें नाहीं. पण ज्यांना नांवाचा उपद्रवच होता त्यांना मात्र तें न चुकतां दिलें.

१८७१ सालीं सरकारनें हा भेद कायद्यानें नाहींसा केला. परंतु पुढल्याच वर्षीं झालेल्या कुटुंबनोंदणींत कित्येक ठिकाणीं पूर्वीच्या जातीची खूण राहून गेली, आणि त्या वह्या सर्वांस पाहण्यासाठीं बंद व्हावयास १९६८ साल उजाडलें. १९७५ मध्यें अशा वस्त्यांच्या नांवांच्या याद्या गुप्तपणें छापून विकल्या जात असल्याचें उघडकीस आलें. विकत घेणाऱ्यांत दोनशेंहून अधिक कंपन्या होत्या. नोकरीसाठीं अर्ज करणारा कोणत्या गांवचा, हें पडताळून पाहण्यासाठीं. २००९ च्या सुमारास गूगल कंपनीच्या संगणकावरील पृथ्वीच्या नकाशावर जपानचे हे जुने नकाशे आजच्या रस्त्यांशीं जुळवून ठेवण्यांत आले. कोणाहि माणसानें बसल्या जागीं पाहावें कीं, आजचें अमुक घर त्या जुन्या वस्तींत येतें. त्यावर जपानांत आक्षेप निघाले, तेव्हां नकाशावरचा तेवढा शब्द पुसून टाकण्यांत आला.

हा शब्द पुसला हें योग्य झालें काय? आक्षेप घेणाऱ्यांची भीति खोटी नव्हती. ज्याच्या मुलीचें लग्न एका जुन्या शब्दामुळें मोडण्याचा संभव आहे त्यास इतिहासाच्या पावित्र्यावर व्याख्यान देणें सोपें नाहीं. तरीहि मला वाटतें कीं शब्द पुसल्यानें वस्तीचा अपमान जात नाहीं. अपमान करणाऱ्यांची आठवण मात्र जाते. किल्ल्याची जागा कोरी ठेवणाऱ्या हातानेंच तो शब्द लिहिला होता. आपण तोहि कोरा केला तर त्या हाताचें काम पुरें केल्यासारखें होईल. नकाशा जसा आहे तसा ठेवावा. पण तो कोणीं, कोणासाठीं आणि कोणाच्या डोळ्यांनीं काढला, हें त्याच्या शेजारीं तितक्याच ठळक अक्षरांत लिहावें. आजच्या पत्त्यांशीं त्याची सांगड घालणें ही मात्र निराळी गोष्ट आहे, आणि ती विद्येची गरज नव्हे.

मुलीनें विचारलेला प्रश्न मी अजून विसरलों नाहीं. नकाशा हातीं घेतल्यावर उत्तर कोणीकडे आहे हें जरूर विचारावें. पण त्याबरोबर हेंहि विचारावें कीं, नकाशा काढणारा कोणाच्या दरवाजांत उभा आहे. त्या रात्रीं कागदाची घडी घालतांना तिनें आसाकुसाच्या पलीकडे बोट ठेवून “आणि येथें काय लिहिलें आहे?” असें विचारलें. मीं तिला तो शब्द सांगितला, आणि मग त्याची हकीकतहि सांगितली.